अललडुर्रचे नवे अवतार

‘महावतार नरसिंह’ जुलै २०२५ मध्ये पडद्यावर आला, थिएटरं भरली आणि भारतीय अॅनिमेशन वयात आल्याची द्वाही फिरली. गल्ल्यावरून वय काढायची ही रीत चमत्कारिकच. शेवटची झुंज डोळे दिपवणारी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या मुलांनी आईबापांना ओढत तिकीटबारीवर नेलं, ती मुलं वर्षभर टीव्हीवर जे महावीर पाहतात, त्यांच्या लेखनाचं वय काय, हे कुणी विचारलं नाही. ते शोधायला पुणे–मिरज लोहमार्गावर लोणंदला उभं राहिलं तरी पुरे. एका टोकाला पुणे. तिथल्या स्टुडिओतून ‘लिटल सिंघम’ २०१८ मध्ये बाहेर पडला. दुसऱ्या अंगाला सांगली. तिथे १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवलं.

भाव्यांच्या वळणाच्या नाटकांत राक्षस कसा यायचा ते मराठी वाचकाला सांगायला नको. ‘अललडुर्र’ अशी आरोळी, तोंडाला रंग, हातात तलवार, आणि तागडथोमच्या ठेक्यावर ठरलेली लढाई. राक्षसाला नाव असे, स्वभाव नसे. तो मरणार हे ठाऊक, कधी मरणार हेही ठाऊक. कला तेव्हा रांगत होती, त्यामुळे कुणी तक्रार केली नाही.

त्याच सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आलं, आणि मधल्या चौसष्ट वर्षांत मराठी नाटक मारामारी लिहायला शिकल्याचं दिसलं. खाडिलकरांचा भीम पहिल्या अंकातच कीचकाला लोळवू शकला असता. ताकद आहे, कारण आहे, समोर अपमानित झालेली सैरंध्री आहे. पण अज्ञातवास चालू आहे, तो बल्लव नावानं मुदपाकखान्यात राबतो आहे, आणि कंकभट्ट झालेला धर्मराज त्याला सबुरी शिकवतो आहे. मूठ वळते आणि उघडावी लागते. प्रत्येक वेळी ती उघडताना भीम कोण आहे हे थोडं अधिक कळतं, युधिष्ठिर कोण आहे हेही कळतं, आणि शेवटी कीचक मरतो तेव्हा प्रेक्षकानं त्या मरणाची किंमत अंकाअंकानं मोजलेली असते. कीचकात लोकांनी कर्झन पाहिला, भीमात जहाल पाहिले, कंकभट्टात मवाळ पाहिले. १९१० मध्ये सरकारनं नाटकावर बंदी घातली. सरकार काही मुष्टियुद्धाला भ्यायलं नव्हतं. भ्यायलं ते त्याआधीच्या अंकांना.

आता दुसरा भीम. पोगोवर २००८ पासून ढोलकपुरात नांदणारा, हैदराबादच्या ग्रीन गोल्डचा. भाग कुठलाही लावा. कालियाला असूया वाटते, ढोलू-भोलू त्याच्या मागे, कुणी चेटक्या किंवा राक्षस गावात शिरतो, भीमाची जरा पीछेहाट होते, मग छुटकी टुनटुन मौसीच्या दुकानातला लाडू पुढे करते. दंड फुगतात. राक्षस आकाशात भिरकावला जातो. सगळे हसतात. लाडवाच्या आधीचा भीम आणि नंतरचा भीम यांत दंडाच्या घेराखेरीज फरक सापडत नाही. फुरफुरी नगरातल्या मोटूचा समोसा हा त्याच लाडवाचा तळलेला अवतार. ‘शिवा’कडे सायकल आहे, लिटल सिंघमकडे खाकी वर्दी आहे; बाकी आरोळी तीच.

पालक या मालिकांमधल्या हिंसेबद्दल कुरकुरतात. ती तक्रार भलत्याच दारात केली जाते. या मालिकांत हिंसा जास्त नाही, ती फुकट आहे. कुणाचं काही जात नाही, कुणाला काही ठरवावं लागत नाही.

खाण्याचाच विषय निघाला आहे, तर १९९२ च्या ‘बॅटमॅन’ मालिकेतला ‘हार्ट ऑफ आइस’ हा भाग घ्यावा. लेखक पॉल डिनी, दिग्दर्शक ब्रूस टिम, लांबी बावीस-एक मिनिटं, म्हणजे ढोलकपुरातल्या भागापेक्षा फारशी वेगळी नाही. मिस्टर फ्रीझ तोवर कॉमिक्समधला एक किरकोळ, गोठवणारी बंदूक घेऊन फिरणारा खलनायक होता. डिनीनं त्याला बायको दिली: असाध्य आजारानं गाठलेली, उपाय सापडेपर्यंत बर्फात जपून ठेवलेली नोरा. कंपनीचा मालक बॉइल खर्च वाचवायला तो प्रयोग बंद पाडतो, झटापटीत फ्रीझचं शरीर कायमचं थंडीचं गुलाम होतं, आणि त्याच बॉइलला पुढे मानवतेचा पुरस्कार मिळायचा असतो. बॅटमॅनला हे एका चित्रफितीतून कळतं. आता लढायचं ते कुणाशी? ज्याचं दुःख खरं आहे त्याला रोखायचं, आणि ज्याला वाचवायचं तो नीच आहे. बॅटमॅनच्या प्रत्येक ठोशामागे ही अडचण उभी आहे.

आणि कारागिरी पाहा. सुरुवातीला बॅटमॅनला साधं पडसं झालेलं असतं. आल्फ्रेड थर्मासमधून गरम सूप बरोबर देतो; प्रेक्षक ते विनोद म्हणून सोडून देतो. शेवटी सगळी हत्यारं संपल्यावर तोच थर्मास फ्रीझच्या काचेच्या शिरस्त्राणावर फुटतो आणि गरम सुपानं ती थंडगार काच तडकते. सूप हे तिथे पडशाचं, आल्फ्रेडच्या मायेचं, फ्रीझच्या दुबळेपणाचं, सगळ्याचं एकत्र उत्तर आहे. लाडूवाल्यांनी हा भाग नुसता पाहिला असता तरी छुटकीच्या डब्याचं काहीतरी भलं झालं असतं.

यावर ठरलेली सबब अशी: वाहिन्यांना घाऊक भाग लागतात, ते कुठल्याही क्रमानं पुन्हा पुन्हा दाखवायचे असतात, म्हणून भागाच्या शेवटी सगळं होतं तिथे परतलं पाहिजे, पात्र बदलून चालत नाही. अर्धंच खरं. ‘हार्ट ऑफ आइस’च्या शेवटीही बॅटमॅन आपल्या जागी परततो, मालिका पुढच्या भागात जशीच्या तशी सुरू होते. बदलतो तो पाहुणा आलेला खलनायक, आणि बदलते पाहणाऱ्याची नजर. त्याला क्रमाची गरज नाही, लेखकाची आहे.

दुसरी सबब पैशाची. सुपाचा थर्मास रेखाटायला लाडवाहून जास्त खर्च येत नाही.

ग्रीन गोल्डला जमत नाही असंही नाही. नेटफ्लिक्सवर २०१९ मध्ये आलेल्या ‘मायटी लिटल भीम’मध्ये तोच भीम रांगता आहे आणि कुणी वाक्य बोलत नाही. संवाद काढून घेतल्याबरोबर लेखनाला अक्कल आली. बाळाला काहीतरी हवं असतं, त्याच्या हातात अचाट जोर असतो, आणि त्या जोराचं काय करायचं हे त्याला कळत नसतं. जे घडतं ते सगळं त्याच्या हट्टातून घडतं. इथे ताकद ही अडचण आहे. खाडिलकरांच्या बल्लवाची तीच अडचण होती, फक्त त्याला ती कळत होती.

‘द लेजंड ऑफ हनुमान’ २०२१ मध्ये आला तेव्हा याहून मोठी उमेद वाटली. शरद केळकरांचा निवेदनाचा आवाज, कोरीव चेहरे, सावल्यांचा धीट वापर हे सगळं आहेच, पण मर्म कथेच्या निवडीत आहे. आपली शक्ती विसरलेला वीर. त्यामुळे पहिल्या पर्वात हनुमान झेप घेतो तेव्हा ‘किती उंच’ हा प्रश्न दुय्यम ठरतो. ‘आता तरी त्याला आठवेल का’ याकडे लक्ष लागतं. पुढच्या पर्वांत युद्धच युद्ध झालं आणि गदांच्या आवाजात तो प्रश्न बुडाला, तरी पहिलं पर्व आपल्याकडच्या पडद्यावर एकटं उभं आहे. ‘इन्व्हिन्सिबल’च्या रक्तपाताचे चाहते आणि जपानी मालिकांचे भक्त आपापली बाजू समर्थपणे मांडतीलच, इथे त्यांचं काम नाही.

इथे काम आहे ते मराठीचं. ‘लिटल सिंघम’चा मूळ पुरुष, २०११ च्या चित्रपटातला बाजीराव सिंघम, मराठी आहे. कशावरून? तो चिडला की मराठीत चिडतो. हिंदी पडद्यावर मराठी माणसाला स्वभाव म्हणून जे मिळतं ते एवढंच: डोकं सटकणं. त्याचा छोटा अवतार मिर्ची नगरात काल नावाच्या राक्षसाशी भांडतो, आणि पुण्यात रेखाटलेल्या त्या मुलाच्या अंगाला पुण्याची, साताऱ्याची, कुठल्याच गावाची धूळ लागलेली नाही. आषाढात माउलींची पालखी लोणंदला मुक्कामाला असते, पुढे चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं. एवढ्या माणसांतून घोडा धावतो आणि पोरं श्वास रोखून पाहतात. वेग, गर्दी, धोका, श्रद्धा, सगळं त्यात आहे, आणि एकही ठोसा नाही. पुण्याच्या एखाद्या लेखकानं त्या गर्दीत हरवलेलं पोर आणि उधळलेला घोडा एवढंच घेऊन भाग लिहिला असता, तर राक्षसाची गरज पडली नसती.

मराठीत लढता वीर लहान मुलांना पचत नाही, हेही म्हणायची सोय नाही. भा. रा. भागवतांनी फास्टर फेणे घडवला. हाडकुळा बनेश फेणे, फुरसुंगीचा. म्हणजे लोणंदहून पुण्याकडे जाणाऱ्या याच मार्गावरचा. त्याला लाडू लागत नाही, वर्दी लागत नाही. त्याच्याकडे सायकल आहे, नको तिथे नाक खुपसायची खोड आहे, आणि मोठी माणसं विश्वास ठेवत नाहीत ही कायमची पंचाईत आहे. तो गुंडांना हरवतो ते त्या खोडीमुळे, आणि संकटात सापडतो तेही तिच्याचमुळे. दूरदर्शननं त्याला मालिकेत आणलं. २०१७ च्या चित्रपटानं मात्र त्याला मोठा करून टाकलं आणि शाळकरी पोराचा पाठलाग तरुणाच्या तपासकथेत रूपांतरित झाला. सायकलवरच्या पोराचा पाठलाग अॅनिमेशनमध्ये जसा रंगेल तसा दुसरीकडे रंगणार नाही. चढावर दमणारं पोर, मागे मोटार, पुढे रेल्वेचं बंद फाटक: एवढ्यावर अख्खा भाग उभा राहतो, आणि पोरगं फाटकापाशी काय ठरवतं यावर तो पडतो किंवा तरतो.

पण वाहिन्यांना असा मुलगा नको असतो, कारण त्याच्यासाठी दर भागाला नवी अडचण शोधावी लागते. उडणाऱ्या मुलाला तेवढी लागत नाही. आणि ‘आमची मुलं हिंदी छान बोलतात, कार्टूनमुळे’ असं कौतुकानं सांगणारे मराठी पालक असेपर्यंत, वाहिन्यांनी ती मेहनत का घ्यावी? नाटकवाल्यांना अललडुर्र सोडावं लागलं, कारण प्रेक्षक त्याला हसू लागला होता. पोरं लाडवाला हसू लागली आहेत. आठ-नऊ वर्षांचं कुठलंही पोर शेवटाची नक्कल करून दाखवतं. मोठ्यांनी मात्र अजून कुठल्या वाहिनीला एक पत्रही धाडलेलं दिसत नाही, आणि मराठी साप्ताहिकांत नाटका-सिनेमाला पानं राखून असतात, पोरांच्या मालिकांच्या लेखनाला अर्धा रकानाही नसतो.