आभासी यंत्रातील प्रोसेसरचा अतिवापर : रूढ निदानपद्धतीची चिकित्सा

प्रस्तावना :
संगणक प्रयोगशाळेत आभासी यंत्र, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन मंदावले, की टास्क मॅनेजर उघडले जाते. प्रोसेसरचा वापर १०० टक्क्यांच्या घरात दिसताच संगणक अपुरा असल्याचा निष्कर्ष काढला जातो. केज तालुक्यातील नांदूरघाटसारख्या ग्रामीण भागात नव्या संगणकाचा खर्च सहज पेलणारा नसतो. म्हणून या निदानपद्धतीची चिकित्सा आवश्यक ठरते.

विवेचन :
या पद्धतीचा मूळ दोष असा, की ती प्रोसेसरच्या व्यस्ततेलाच कामाचे माप मानते. टर्बो सीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. बोर्लंड कंपनीने १९८७ मध्ये आणलेले हे सॉफ्टवेअर आपल्याकडील महाविद्यालयांतून दीर्घकाळ शिकविले गेले. ६४ बिट विंडोजवर ते थेट चालत नाही. म्हणून आभासी यंत्रात डॉस बसवून ते चालविण्याचा मार्ग निघाला. परंतु डॉस रिकाम्या वेळीही प्रोसेसरला विश्रांती देत नाही; कळ दाबली गेली की नाही, हे ते अखंड तपासत राहते. परिणामी विद्यार्थी नुसता विचार करीत बसला, तरी मूळ संगणकाचा एक कोर पूर्ण व्यापलेला दिसतो. येथे जादा कोर देऊन उपयोग नाही, कारण डॉस एकच कोर वापरते. फ्रीडॉसमधील एफडीएपीएम हा छोटा प्रोग्रॅम रिकाम्या वेळी प्रोसेसर थांबवितो व हा भार बहुधा उतरतो.

याच्या नेमकी उलट स्थिती एका सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रे असताना उद्भवते. लिनक्समधील टॉप या आदेशात 'एसटी' नावाचा आकडा असतो. आभासी यंत्राला हवा असूनही मूळ सर्व्हरने इतरत्र खर्च केलेला वेळ तो दर्शवितो. सर्व यंत्रांत अँटिव्हायरसची तपासणी एकाच वेळी सुरू झाली, की हा आकडा वाढू शकतो. अशा वेळी प्रत्येक यंत्राचे कोर वाढविल्यास स्पर्धा अधिकच तीव्र होते. तपासणीच्या वेळा वेगळ्या ठेवणे, हा बिनखर्चाचा उपाय होय.

रूढ पद्धत सर्वस्वी त्याज्य आहे, असे नव्हे. खरोखरच मोठी आकडेमोड चालू असेल, तर जादा कोर उपयुक्त ठरतात. मात्र हे आधी सिद्ध व्हावे लागते.

निष्कर्ष :
आतील यंत्र व मूळ संगणक या दोन्ही ठिकाणचे आकडे शेजारी ठेवून वाचल्याशिवाय निदान पूर्ण होत नाही. खरेदीचा प्रस्ताव तयार होण्यापूर्वी ही तपासणी व्हावी आणि ती विद्यार्थ्यांकडूनच प्रात्यक्षिक म्हणून करून घ्यावी. त्यामुळे खर्च वाचेल आणि कारणापर्यंत पोहोचण्याची शिस्तही विद्यार्थ्यांच्या अंगी बाणेल.