बोलणारी पात्रं, विचार करणारी चित्रं

एखादा मराठी चित्रपट 'तत्त्वचिंतनपर' आहे असं परीक्षणात वाचलं की मला धास्तीच वाटते. बहुतेकदा त्याचा अर्थ इतकाच निघतो की कुणी वडीलधारं पात्र नदीकाठी बसून एका तरुणाला आयुष्य समजावून सांगतं आणि मागे बासरी वाजत राहते. कीर्तन-प्रवचनांवर पोसलेला आपला समाज विचार ऐकायला सरावलेला आहे. तो पाहताही येतो, हे मात्र आपण विसरतो. खरं तर प्रभातच्या 'संत तुकाराम'ने (१९३६) ते केव्हाच दाखवून दिलं होतं. विष्णुपंत पागनीसांचे अभंग कितीही गोड असले तरी तुकोबांच्या विरक्तीची खरी परीक्षा घेते ती त्यांची बायको जिजाई (गौरी): तिची चूल, तिची उपाशी पोरं, तिचा संताप. कुणी वाद घातलेला नाही, पण एकाच चौकटीत दोन जीवनदृष्टी समोरासमोर उभ्या आहेत.

युरोपात हा विषय आडवळणाने आला. तत्त्वज्ञ हेन्री बर्गसाँने १९०७ साली सिनेमाच्या यंत्राकडे बोट दाखवून म्हटलं की आपली बुद्धीही अशीच चुकते, स्थिर तुकडे जोडून गती कळल्याचा भास करून घेते. पुढे तत्त्वज्ञ जिल दल्यूझने १९८३ आणि १९८५ साली दोन ग्रंथ लिहिले आणि त्याच बर्गसाँच्या आधाराने उलट टोक गाठलं: सिनेमा काळाचा विचार करतो, आणि तोही स्वतःच्या साधनांनी. मराठीत हे ज्याला खऱ्या अर्थाने उमगलं तो लेखक म्हणजे अरुण खोपकर. 'गुरू दत्त: तीन अंकी शोकांतिका' हे पुस्तक कथानकाच्या गोडव्यात अडकत नाही. प्रकाश, सावली, कॅमेऱ्याची हालचाल यांतून दुःखाचा आशय कसा घडतो, ते उलगडतं. खोपकरांना 'चलत्-चित्रव्यूह'साठी २०१५ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, याचा आनंद आहेच. त्यांच्या वाटेने जाणारे किती, हे मोजायला मात्र एका हाताची बोटं पुरतात.

मुंबईपुरतं बोलायचं तर २०१० नंतरच्या दशकातला उघडउघड तत्त्वज्ञानाचा चित्रपट म्हणजे आनंद गांधींचा 'शिप ऑफ थिसियस' (२०१२). तो मराठी नाही. इंग्रजी, हिंदी, अरबी, स्वीडिश अशा भाषांत फिरतो. त्यातला मैत्रेय हा साधू (नीरज काबी) प्राण्यांवरच्या प्रयोगांविरुद्ध कोर्टात लढतो आणि यकृत निकामी होऊ लागल्यावर औषध घ्यायचं की नाही या पेचात सापडतो. घाटकोपर-मुलुंडच्या जैन देरासरांजवळ राहणाऱ्या कुणालाही संथारा, म्हणजे अन्न सोडून मरण पत्करणं, हा शब्द परका नाही, त्यामुळे ही गोष्ट आपल्या गल्लीतली वाटायला हरकत नव्हती. पण चार्वाक नावाच्या तरुण वकिलाशी मैत्रेयच्या चर्चा सुरू झाल्या की चित्रपट जागीच थबकतो, जणू चर्चासत्र चाललंय. ती चर्चा संपून साधूचं खंगलेलं शरीर नुसतं पडून राहतं, तेव्हा तो पुन्हा जिवंत होतो. तिसऱ्या कथेत चोरलेल्या मूत्रपिंडाचा माग काढणारे दोघे झोपडपट्टीच्या एका बोळात शिरतात आणि त्यातला जाडजूड मित्र भिंतींमध्ये अडकतो. न्यायाबद्दलची सगळी भाषणं एकीकडे आणि त्या बोळाची रुंदी एकीकडे.

विलेपार्ल्याच्या मिठीबाई महाविद्यालयात शिकलेल्या चैतन्य ताम्हाणेला ही गोष्ट फार लवकर कळली. 'कोर्ट'मध्ये (२०१४) नारायण कांबळे या लोकशाहिरावर आरोप आहे की त्याचं गाणं ऐकून एका गटार सफाई कामगाराने आत्महत्या केली. एखाद्या गाण्याने मृत्यू घडतो का, हा कार्यकारणभावाचा जुनाच प्रश्न. ताम्हाणे त्यावर भाष्य करत नाही. कॅमेरा दूर ठेवतो, हलवत नाही, आणि तारखांवर तारखा पडू देतो. मग सरकारी वकील नूतनच्या (गीतांजली कुलकर्णी) मागे लोकलने तिच्या घरी जातो. लेडीज डब्यातल्या गप्पा, संध्याकाळचा स्वयंपाक, सुट्टीच्या दिवशी कुटुंबासह पाहिलेलं परप्रांतीयांची टवाळी करणारं नाटक. ही बाई वाईट नाही, आपल्या शेजारच्या ब्लॉकमधली आहे, आणि नेमकी म्हणूनच पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. अन्याय रोजच्या वेळापत्रकात किती सहज बसतो, हे एकाही भाष्याविना कळतं.

'द डिसायपल'मध्ये (२०२०) ताम्हाणे आणखी धाडस करतो. इथे तत्त्वज्ञान चक्क ऐकू येतं. शास्त्रीय गायक होऊ पाहणारा शरद नेरुळकर रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवरून मोटरसायकल चालवतो आणि कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माईंची ध्वनिमुद्रित प्रवचनं वाजत असतात: साधना, एकांत, त्याग. माईंचा आवाज सुमित्रा भावे यांचा, आणि तो इतका आश्वासक की आपणही शरदबरोबर भारावतो. पण चित्र त्या आवाजाला दुजोरा देत नाही. पडद्यावर दिसतो संथ गतीत चाललेला, कुठेच न पोहोचणारा एक माणूस. पुढे जुन्या ध्वनिमुद्रणांचा एक संग्राहक माईंच्या आयुष्यातल्या न सांगितलेल्या गोष्टी ऐकवतो, तेव्हा शरद ग्लासातलं पेय त्याच्या तोंडावर फेकतो. विचार आणि प्रतिमा यांना एकमेकांविरुद्ध उभं करण्याचं हे काम मराठीत इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कुणी केलेलं मला आठवत नाही. व्हेनिसने पटकथेला पुरस्कार दिला तो उगाच नाही.

उमेश कुलकर्णींचा 'विहीर' (२००९) याच्या जवळ जातो. तिथे नचिकेत हे उपनिषदातल्या प्रश्नकर्त्याचं नाव असलेला मुलगा मरतो आणि प्रश्न मागे उरलेल्या समीरच्या वाट्याला येतात. दिग्दर्शक भावे-सुकथनकरांच्या 'अस्तु'तले चक्रपाणी शास्त्री स्मृती गेल्यावर हत्तीमागे चालत सुटतात तोवर चित्रपट विलक्षण आहे. त्याचा अर्थ मुली आणि जावई बोलून दाखवू लागले की तो सपाट होतो.

या चित्रपटांना प्रेक्षक कुठे मिळतो, हा निराळाच पेच. 'कोर्ट' चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला त्याच एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपट 'प्राइम टाइम'ला लावणं बंधनकारक केलं आणि ती वेळ ठरली दुपारी बारा ते रात्री नऊ. काळाची इतकी लवचीक व्याख्या बर्गसाँलाही सुचली नसती. वर्सोव्यात बसून पटकथाकार ज्यांच्या कथा लिहितात, ती बोरिवली-मुलुंडची माणसं त्या वेळी कचेरीत असतात किंवा गाडीत.

आणि त्यांच्या दारातला प्रश्न तर अजून कुणी हातात घेतलेला माझ्या पाहण्यात नाही. मुलुंड-बोरिवलीतल्या साठ-सत्तरच्या दशकांतल्या चार मजली इमारती पुनर्विकासासाठी एकामागून एक पाडल्या जात आहेत. सोसायटीचं नाव तेच, नोंदणी क्रमांक तोच, सभासद तेच, जमिनीचा सीटीएस नंबर तोच. वीट मात्र एकही जुनी नाही. सभासद तीन वर्षं भाड्याच्या घरात काढतात, वाढीव कार्पेट एरियासाठी भांडतात, आणि बाविसाव्या मजल्यावर परत येतात तेव्हा काही म्हातारी माणसं त्यात नसतात. थिसियसच्या जहाजाची फळी न् फळी बदलल्यावर ते जहाज तेच का, हा ग्रीकांचा प्रश्न इथे दर महिन्याच्या सभेत, इतिवृत्तासकट, चर्चेला येतो. त्यासाठी साधू नको, चार्वाकही नको. विशेष सर्वसाधारण सभेत तीन तास न हलणारा कॅमेरा पुरेल. पण पैसा लावणाऱ्याला तेवढा धीर हवा.