देव कुठल्या खंदकात?

अमेरिकन वैमानिक रॉबर्ट स्कॉट चीनच्या आकाशात जपान्यांशी लढून परतला आणि १९४३ साली, दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना, त्याचं पुस्तक आलं : ‘गॉड इज माय को-पायलट’. ते तुफान खपलं. दोन वर्षांत वॉर्नर ब्रदर्सनं त्यावर चित्रपटही काढला. माजी सैनिकानं युद्धाची आणि श्रद्धेची खरी गोष्ट सांगायची, हा लेखनप्रकार अमेरिकेत आजही तेजीत आहे आणि त्यातल्या बऱ्याच पुस्तकांचा पवित्रा स्कॉटच्या शीर्षकातच सापडतो. देव आपल्या विमानात आहे. समोरच्या विमानात कोण बसलंय, याची चौकशी नाही.

ती चौकशी रॉबर्ट लेकीनं केली. हा कॅथलिक तरुण आधी वर्तमानपत्रात खेळांच्या बातम्या लिहायचा. मग पहिल्या मरीन डिव्हिजनमधून पॅसिफिकमधल्या ग्वादालकनाल बेटावर मशीनगन चालवली, पेलेलियू बेटावर जखमी झाला. युद्धानंतर ‘साउथ पॅसिफिक’ ही संगीतिका पाहताना तो वैतागून अर्ध्यातूनच उठला आणि खरं काय घडलं ते सांगायचं ठरवून लिहायला बसला, असं त्याची पत्नी सांगत असे. त्यातून १९५७ मध्ये ‘हेल्मेट फॉर माय पिलो’ आलं. या पुस्तकात शौर्यापेक्षा चिखल, उवा, भूक, चोरलेलं खाणं, दारू आणि कोठडीची हवा जास्त. सोबत्यांची खरी नावंही नाहीत, टोपणनावंच. तरीही ते धार्मिक पुस्तक आहे. शेवटी लेकी बलिदानाचा विचार करतो, तेव्हा त्याच्या मते सैनिक मारायला नव्हे, मरायला जातो. बळी तो असतो. आणि अणुबाँबच्या त्या ढगाबद्दल तो देवाकडे क्षमा मागतो. जिंकलेल्या बाजूच्या, त्या बाँबमुळेच बहुधा जिवंत राहिलेल्या पिढीतल्या माणसानं हे लिहावं, याला हिंमत लागते.

पुढं लेकीनं चाळीसवर पुस्तकं लिहिली. कोरियन युद्ध, अमेरिकेची सगळी युद्धं, ओकिनावा. शिवाय १९७० मध्ये ‘अमेरिकन अँड कॅथलिक’. उत्तम वेगाचं, वाचनीय लेखन. पण युद्ध एका कपाटात गेलं आणि श्रद्धा दुसऱ्या. पहिल्या पुस्तकातली ती दोघांची झटापट पुन्हा तशी रंगली नाही.

त्याच डिव्हिजनमधला युजीन स्लेज पुढं अलाबामात जीवशास्त्राचा प्राध्यापक झाला. रोजनिशी ठेवायला बंदी, म्हणून त्यानं टिपणं खिशातल्या बायबलच्या नव्या करारात दडवली. त्यावरून १९८१ मध्ये ‘विथ द ओल्ड ब्रीड’ सिद्ध झालं. त्यातला एक प्रसंग या साऱ्या साहित्यात वरचा ठरावा. मेलेल्या जपान्यांच्या तोंडातले सोन्याचे दात काढण्याची चाल पडलेली. स्लेजही एका प्रेतावर वाकतो. पलटणीतला वैद्यकीय मदतनीस त्याला अडवतो. कारण देतो जंतूंचं. जंतू हा बहाणा होता, आपलं माणूसपण वाचवायची ती धडपड होती, हे स्लेजला नंतर उमगतं. इथं देवाचं नावही नाही. पण शेकडो प्रवचनांनी जमणार नाही ते या पानानं साधलंय.

२०१० मध्ये एचबीओनं दोघांच्या आठवणी एकत्र करून ‘द पॅसिफिक’ मालिका केली आणि सोयीची विभागणी करून टाकली : स्लेज श्रद्धाळू, तर लेकी देवापेक्षा दारूगोळ्यावर विसंबणारा. पडद्याला हे सोपं जातं. खऱ्या लेकीच्या पोटात मात्र दोन्ही एकत्र नांदत होती.

त्यानंतरच्या पुस्तकांत इराकमधल्या नेमबाज ख्रिस काइलचं ‘अमेरिकन स्नायपर’ (२०१२) सर्वाधिक गाजलं. हातावर क्रुसेडरांचा लाल क्रूस गोंदवल्याचं तो उघड सांगतो. प्रामाणिकपणाबद्दल तक्रार नाही. पण हा क्रूस झेंड्यासारखा फडकतो, स्वतःच्या हाताकडे पाहायला लावत नाही. पुन्हा स्कॉटचंच विमान.

मराठी वाचकाला हा पेच परका नाही. अर्जुनाला तो लढण्याआधी पडला. लेकी-स्लेजना लढून झाल्यावर. आपल्याकडे मेजर जनरल शशिकांत पित्रे यांनी ‘न सांगण्याजोगी गोष्ट’मध्ये १९६२ च्या पराभवाची कठोर चिकित्सा केली आहे. पण आपलं युद्धलेखन मुख्यतः व्यूह, नेतृत्व आणि शौर्य यांभोवती फिरतं. पलटणीत मंदिर असतं, धर्मशिक्षक असतो, शिवरायांच्या नावाची गर्जना असते. जवानाच्या मनात त्या साऱ्याचं काय होतं, हे पुस्तकात क्वचितच उतरतं.

आजच्या अमेरिकन लेखकांत लेकीचा खरा वारस फिल क्लाय. इराकमध्ये मरीन अधिकारी, कॅथलिक, ‘रिडिप्लॉयमेंट’ या कथासंग्रहासाठी २०१४ चा नॅशनल बुक अवॉर्ड. ‘अनसर्टन ग्राउंड’ (२०२२) या लेखसंग्रहात तो पापाचा हिशेब एकट्या सैनिकाकडून घेत नाही. कर भरून युद्ध विसरणाऱ्या नागरिकालाही त्यात ओढतो. युक्तिवाद भक्कम आहे. फक्त हे निबंध लिहिण्याच्या टेबलावरचे वाटतात. स्लेजच्या पानांना येणारा कुजका वास त्यांना नाही. क्लायचं ते बळ त्याच्या कथांतच राहिलं आहे.