स्त्रियांची आत्मचरित्रे आणि श्रमाचा हिशेब : एका वाचनमंडळाच्या निमित्ताने

मराठीतील स्त्रियांच्या आत्मचरित्रांविषयी आपल्या समीक्षेने आजवर जे लिहिले आहे, त्यातील काही विशेषणे इतकी रुळून गेली आहेत की वाचताना त्यांवर नजर थबकत नाही. साधेपणा, प्रांजळपणा, घरगुती भाषेचा गोडवा, निर्व्याज विनोद ही ती विशेषणे. ती खोटी आहेत असे कोणीच म्हणणार नाही. तथापि त्यांच्यामुळे समीक्षकाची दृष्टी सांगणारीच्या स्वभावावर खिळून राहिली आणि तिने सांगितलेल्या व्यवहाराकडे गेलीच नाही. घरात पाणी किती लागे, ते कोण आणी, पंगतीमागून पंगत उठत असता शेवटी कोण जेवी, हे सर्व या पुस्तकांत लिहिलेले आहे. आपण त्याला वातावरणनिर्मिती म्हटले आणि पुढे गेलो.

हा विचार एकटीने वाचताना माझ्या मनात आला नसता. जबलपुरात आम्ही काही स्त्रिया पंधरवड्यातून एकदा वाचनास बसतो. स्त्रियांचा इतिहास आणि अर्थशास्त्र एवढा विषय ठरलेला आहे. नियम, घटना, वर्गणी काही नाही. 1956 पर्यंत हे शहर ज्या राज्यात होते त्याची राजधानी नागपूर होती, आणि हिंदीबरोबर मराठीही त्या राज्याची भाषा होती. त्या वर्षी मराठी जिल्हे वेगळे झाले. तोफगाड्यांचा कारखाना, रेल्वे, न्यायालय यांच्या आश्रयाने येथे स्थिरावलेली मराठी घरे मात्र जेथल्या तेथे राहिली. त्यामुळे आमच्या बैठकीत वाचन मराठीत, वाद निम्मा हिंदीत आणि आकडे बहुधा इंग्रजीत असतात. समीक्षेच्या दृष्टीने ही अडचण म्हणता येईल; अनुवादाच्या दृष्टीने ती मोठीच सोय आहे.

आरंभी आम्ही शास्त्रीय ग्रंथ घेतले. एस्टर बोसरप यांचा आर्थिक विकासातील स्त्रियांच्या वाट्याविषयीचा 1970 चा ग्रंथ, भारतातील स्त्रियांच्या स्थितीविषयीचा 1974 चा सरकारी अहवाल, आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या गणनेतून स्त्रियांचे काम कसे गळते हे दाखविणारा मॅरिलिन वेअरिंग यांचा 1988 चा ग्रंथ. भाग वाचून दाखवावा आणि तोंडी मराठी करावे, अशी पद्धत होती. या तोंडी अनुवादात पहिली ठेच लागली ती विषयाच्या नावालाच. ज्या कामाला मोल मिळत नाही त्या घरकामास मराठीत म्हणावे काय?

हिंदी वृत्तपत्रांत 'अवैतनिक' हा शब्द दिसतो. तो तसाच उचलावा तर मराठीत अवैतनिक म्हणजे मानद. अवैतनिक चिटणीस असतात, पूर्वी अवैतनिक न्यायाधीश असत. ज्याला वेतनाची गरज नाही आणि ज्याला पदाचा मान पुरतो, तो अवैतनिक. अशाने भांडी घासणारी प्रत्येक गृहिणी मानद अधिकारी ठरेल. (एका बाईंनी सांगितले की घरात तिला तसेच समजावले जाते.) 'बिनपगारी' म्हणावे तर रजा आठवते. 'विनामूल्य' हा शब्द व्याख्यानाच्या जाहिरातीत शोभतो, कारण तो घेणाऱ्याच्या बाजूने बोलतो. देणारीचे त्यात काही दिसत नाही. 'वेठ' हा शब्द जुना आणि धारदार आहे, परंतु त्यात राजाचा शिपाई उभा आहे, आणि घरात शिपाई नसतो, निदान गणवेशातला नसतो. शेवटी तक्त्यापुरता 'विनामोबदला' हा शब्द आम्ही पत्करला. तो दस्तऐवजी आहे हे मान्य. पण बोलताना सगळ्यांच्या तोंडी एकच क्रियापद येत राहिले : राबणे. मराठीत पुरुष कमावतो आणि बाई राबते. पुरुषही राबतो, नाही असे नाही. पण तो राबला की कमावतो, आणि ती राबली की संसार होतो. भाषेने हा हिशेब शास्त्राच्या आधी मांडून ठेवला आहे. 'रांधा, वाढा, उष्टी काढा' या म्हणीकडे आपण तक्रार म्हणून पाहतो. वस्तुतः ती कामांची क्रमवार यादी आहे, आणि तिच्यात विश्रांतीचा रकाना नाही.

सरकारने अशी यादी फार उशिरा केली. 1998–99 मध्ये सहा राज्यांत वेळेच्या वापराची पाहणी झाली, त्यांत मध्य प्रदेश होता. पुढे 2019 मध्ये ती देशभर झाली. घरकाम करणाऱ्या स्त्रीचे त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे जातात, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची 97, असे त्या पाहणीत आढळले. आकडा ऐकून बैठकीत आश्चर्य कोणाला वाटले नाही. आश्चर्य वाटले ते पुरुषांच्या 97 मिनिटांचे.

आकड्यांनी विषय कळतो, पण त्यात माणूस नसते. म्हणून आम्ही मराठी आत्मचरित्रांकडे वळलो, आणि लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'पासून आरंभ केला. 1934 ते 1937 या काळात चार भागांत आलेले हे पुस्तक मराठीतील थोर विनोदी गद्यात गणले जाते, आणि ते यथार्थच आहे. लक्ष्मीबाईंचे माहेर नाशिकजवळचे जलालपूर. जबलपुरात बसून ते नाव वाचताना थोडी गंमत झाली. त्यांच्या वडिलांचे सोवळे हा पुस्तकाच्या आरंभीचा प्रसिद्ध भाग आहे. बाजारातून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात यायची नाही, असा त्या घरचा कडक नेम. हे वर्णन वाचून पिढ्यान् पिढ्या वाचक हसत आले. आम्हीही हसलो. हसे ओसरल्यावर एका बाईंनी विचारले, "पण हे सगळे धुवायला पाणी कोणी काढले?"

या प्रश्नाचे महत्त्व मला साहित्यदृष्ट्या वाटते, केवळ समाजशास्त्रीय दृष्ट्या नव्हे. धान्य धुतले की वाळवावे लागते. वाळत घातले की राखावे लागते. ज्याचे सोवळे, तो फक्त नेम करतो. नेम पाळण्याचे काम घरातल्या बायकांच्या वाट्याला येते. लक्ष्मीबाईंना हे ठाऊक नव्हते असे समजणे हा त्यांच्या बुद्धीचा अपमान होईल. त्यांनी ते विनोदात ठेवले, कारण ज्या घरात वडिलांविरुद्ध तक्रार करता येत नाही तेथे अतिशयोक्तीला मज्जाव नसतो. म्हणजे तो विनोद निर्व्याज नाही. 'निर्व्याज' हे विशेषण लावून आपण त्यातला हिशेबच पुसला.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो गंभीरपणे घेतला पाहिजे. वाङ्मयकृतीला पुराव्याचा कागद समजून वाचण्याने कृतीचे कृतिपण हरवते, असे म्हणता येईल. मर्ढेकरांनंतरच्या वाचकाला हे सांगावे लागू नये. आमच्या मंडळात हा दोष घडतो, हे मी नाकारीत नाही. एका बैठकीत टिळकांच्या औदार्याचे प्रसंग खर्चाच्या बाजूला लिहून काढण्यात इतका वेळ गेला की ज्या वाक्यांमुळे ते प्रसंग शंभर वर्षांजवळ येऊनही ताजे राहिले, ती वाक्ये कोणी वाचलीच नाहीत. हे वाचन वाईट होते. परंतु विनोदाचा आस्वाद घेऊन पाण्याचा प्रश्न न विचारणे हेही अपुरेच वाचन आहे. किंबहुना कलादृष्ट्याच अपुरे, कारण विनोद कोणत्या वजनाखालून उसळला हे न कळता त्याची उंची कळत नाही. कलावाद आणि जीवनवाद यांच्या जुन्या भांडणात या पुस्तकांना नीट जागा मिळाली नाही, याचे कारण कदाचित हेच असेल.

स्मृतिचित्रांनंतर बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' वाचले, आणि मघाच्या प्रश्नाला दुसरे टोक मिळाले. हे पुस्तक 1986 मध्ये ग्रंथरूपाने आले. त्याआधी ते 'स्त्री' मासिकात आले होते. लिहिले गेले मात्र त्याच्याही फार आधी, फलटणला दुकानात बसून, घरच्यांच्या नकळत. त्यात महार स्त्रिया लाकडाच्या मोळ्या विकावयास ब्राह्मणांच्या आळीत जातात तो भाग आहे. मोळीच्या लाकडाला एखादा केस किंवा लुगड्याचा धागा चिकटलेला राहू नये, नाहीतर घर विटाळेल, असा दंडक. म्हणजे ज्या सोवळ्यासाठी जलालपुरातल्या घरात पाणी काढले जात होते, त्याच जातीच्या सोवळ्यासाठी दुसऱ्या गावी, दुसऱ्या काळात मोळी विकणारी बाई काटकीन् काटकी निरखून पाहत होती. तिला मोळीचे पैसे मिळाले. तपासण्याच्या वेळेचे कोण देणार?

दोन्ही पुस्तके एकत्र ठेवल्यावाचून हे दिसत नाही. शुद्धाशुद्धतेचा विचार आपण धर्माच्या किंवा रूढीच्या प्रकरणात करतो. तो श्रमाच्या प्रकरणात आणला की त्याचे वाटप उघड होते : घरातल्या बाईकडे पाणी, घराबाहेरच्या बाईकडे सरपण आणि अपमान. दोघींचे दुःख सारखे आहे असे म्हणण्याचा मोह मंडळात काहींना झाला. मला तो मान्य नाही. लक्ष्मीबाईंच्या बालपणी घरात धुवायला धान्य होते. बेबीताईंनी वर्णिलेल्या बाळंतिणीच्या पोटात घालायला काही नव्हते. स्त्रियांचा इतिहास म्हणताना 'स्त्रिया' हे अनेकवचन आहे, हे मराठी समीक्षेला बेबीताईंनी आणि उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांच्या 1989 च्या 'आम्हीही इतिहास घडवला' या ग्रंथाने शिकवले. ते शिकणे अजून पुरे झालेले नाही. आमच्या मंडळातही नाही. त्या मोळीच्या भागानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही, आणि जे बोलले ते प्रथम स्वतःच्या आजीची बाजू मांडू लागले.

स्त्रियांनी एकत्र जमून वाचणे मराठीत नवे नाही. 1882 मध्ये पुण्यात पंडिता रमाबाईंनी आर्य महिला समाज स्थापला. त्याच वर्षी ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' निघाले. ते विस्मरणात गेले आणि 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणले. एकाच वर्षी एक मंडळ आणि एक पुस्तक, पण त्या पुस्तकाला त्याचे वाचनमंडळ मिळण्यास नव्वदांहून अधिक वर्षे लागली. रमाबाई रानडे यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी'त (1910) त्या काळच्या शिक्षणाविषयी आणि सभांविषयी घरातील वडीलधाऱ्या बायकांचा रोष सांगितला आहे. हा भाग आपण जुन्या-नव्याचा संघर्ष म्हणून शिकवतो. त्याला दुसरीही बाजू आहे. मोठ्या एकत्र कुटुंबात एक सून वाचावयास बसली की तिच्या वाट्याचे काम नाहीसे होत नाही. ते दुसरीच्या हातात जाते. रोष करणाऱ्या बायका अडाणी होत्या एवढे म्हणून भागत नाही. वेळ कोणाचा आणि तो कोणी सोडावयाचा, हा प्रश्न त्या आपल्या भाषेत विचारीत होत्या.

विभावरी शिरूरकरांच्या 'कळ्यांचे निःश्वास' (1933) विषयी थोडेच सांगते. टोपणनावामागे कोण, आणि असले लिहावे काय, यावर त्या काळी एवढे वादळ उठले की त्यातल्या एका कथेच्या शीर्षकाकडे कोणी अर्थशास्त्राच्या नजरेने पाहिले नाही. 'बाबांचा संसार माझा कसा होणार?' हे ते शीर्षक. मिळवत्या मुलीच्या पगारावर हक्क कोणाचा, हा प्रश्न शीर्षकातच सुटेपणाने विचारलेला आहे, आणि तो नीतीचा नसून मालकीचा आहे.

जबलपूरच्या आसपास हा प्रश्न आजही विडीच्या सुपात पडलेला दिसतो. येथील जंगलांत तेंदूपत्ता होतो आणि घरोघरी बायका विड्या वळतात. मजुरी हजारी हिशेबाने. 1966 च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून काम करणारीलाही कामगार म्हटले. कायद्याने म्हटले, घराने नाही. घरात तिच्या पैशाला 'हातभार' म्हणतात. हा शब्द मला मराठीतील अत्यंत कौशल्याने घडलेल्या शब्दांपैकी एक वाटतो. भार दुसऱ्याचा, ती नुसता हात लावते. चूल तिच्या पैशावर पेटत असली तरी शब्द बदलत नाही. आमच्या मंडळात विडी वळणारी कोणी नाही, ही उणीव मोठी आहे आणि ती केवळ निमंत्रणाने भरून निघणार नाही. बैठकीच्या दोन तासांत तिच्या किती विड्या बुडतील याचा हिशेब आधी करावा लागेल.

सध्या शेजारच्या काही हिंदीभाषिक बायका येऊ लागल्या आहेत, म्हणून स्मृतिचित्रांतील तो आरंभीचा भाग हिंदीत करण्याचे काम माझ्याकडे आले. विनोद बराचसा उतरतो. अडले ते 'सोवळे' या शब्दाशी. 'छुआछूत' म्हटले तर बेबीताईंची बाजू येते, घरातली जाते. 'पवित्रता' म्हटले तर वडिलांची बाजू तेवढी येते. शब्द मी तसाच ठेवला आहे, आणि पुढे एवढेच जोडले आहे की सोवळे हे एक वस्त्रही असते, ते रोज धुवावे लागते, आणि कोणाचा हात न लागेल अशा उंचीवर वाळत घालावे लागते.