अपराध कुणाचा? – ‘फायनल फँटसी सात’च्या नव्या रूपाविषयी

गाजलेली कलाकृती नव्याने घडवू पाहणाऱ्यापुढे दोन कामे असतात. जुन्या कृतीतील उणिवा भरून काढणे, हे पहिले. आणि तिने उभे केलेले प्रश्न तितक्याच धीटपणे पुन्हा विचारणे, हे दुसरे. पहिल्या कामाला प्रगत तंत्राचे साहाय्य मिळते. दुसऱ्याला ते मिळत नाही. ‘फायनल फँटसी सात’ या जपानी व्हिडिओ गेमच्या पुनर्निर्मितीचा पहिला परिचय होताच मनात जे विचार आले, त्यांचा गाभा हाच आहे. साहित्याला वाहिलेल्या पानांवर हा विषय पाहून काही वाचकांच्या भुवया उंचावतील. परंतु आपल्या घरांतील तरुण मुले ज्या कथांत तासन् तास रमतात, त्या कथांची पारख कादंबरी-नाटकाइतक्याच गांभीर्याने व्हावयास हवी.

मूळ खेळ जपानच्या स्क्वेअर कंपनीने ३१ जानेवारी १९९७ रोजी प्लेस्टेशनसाठी प्रसिद्ध केला. योशिनोरी कितासे यांचे दिग्दर्शन, तेत्सुया नोमुरा यांची पात्ररचना आणि नोबुओ उएमात्सु यांचे संगीत लाभलेली ही कथा तीन तबकड्यांवर मावली होती. रोल-प्लेइंग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकारात खेळणारा पात्रांची भूमिका घेऊन एक दीर्घ कथा जगतो. येथील कथेचा आरंभ मिडगार नावाच्या महानगरात होतो. शिनरा ही बलाढ्य कंपनी पृथ्वीची जीवनशक्ती शोषून तिची वीज करते. सुखवस्तू लोक उंच खांबांवर तोललेल्या पोलादी छतावर राहतात. त्या छताखाली, सूर्यप्रकाशाला पारखी झालेली गरिबांची वस्ती पसरलेली आहे. बॅरेट नावाच्या पुढाऱ्याची एक बंडखोर टोळी शिनराचे वीजकेंद्र बाँबने उडवते आणि भाडोत्री सैनिक क्लाउड तिच्या साथीला असतो. खेळणाऱ्याच्या हातून घडणारे पहिलेच मोठे कृत्य हे असे आहे.

नवी आवृत्ती १० एप्रिल २०२० रोजी आली. तिचे मुख्य दिग्दर्शक नोमुराच होते आणि निर्माते कितासे. म्हणजे ज्या हातांनी मूळ मूर्ती घडवली, त्यांतलेच काही हात तेवीस वर्षांनी पुन्हा छिन्नी घेऊन बसले. तीन भागांच्या या योजनेतील पहिला भाग केवळ मिडगारपुरता आहे. दुसरा २९ फेब्रुवारी २०२४ रोजी प्रसिद्ध झाला. मूळ खेळात पाच-सहा तासांत मागे पडणारे हे शहर येथे अठरा प्रकरणांत, तीस-चाळीस तास व्यापून राहते. येथे लिहितो आहे ते या पहिल्या भागापुरतेच.

बाह्यरूपाबद्दल थोडक्यात सांगता येईल. जुन्या खेळातील पात्रे ठोकळ्यांसारखी होती, त्यांना आवाज नव्हता. संवाद वाचावे लागत आणि मुद्रेवरील भाव आपण कल्पावे लागत. आता प्रत्येकाला चेहरा आणि कंठ मिळाला आहे. पूर्वीची लढाई पाळीपाळीने चाले. आता ती प्रत्यक्ष वेगाने चालते आणि आज्ञा निवडताना काळ मंदावतो. उएमात्सु यांच्या जुन्या सुरावटींचा विस्तार इतक्या प्रेमाने केला आहे की जाणकार श्रोता सुखावतो. उलट, हरवलेली मांजरे शोधणे, उंदीर मारणे अशी किरकोळ कामे खेळणाऱ्याच्या गळ्यात मारून लांबी वाढवली आहे, हेही नमूद करावयास हवे.

खरी समृद्धी आहे ती माणसांत. टोळीतील जेसी ही मूळ खेळात एक उत्साही, क्षणभर भेटणारी मुलगी होती. येथे आपण तिच्या घरी जातो, जेवण रांधणाऱ्या तिच्या आईला भेटतो, अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना पाहतो, आणि ही मुलगी या वाटेला का लागली ते न सांगता उमगते. वस्तीतील दुकानदार, पहारा देणारी मुले, अनाथाश्रमातील चिमुरडी यांच्याशी आपला शेजार जुळतो. पुढे शिनरा त्या बंडखोरांना चिरडण्यासाठी वरचे छतच वस्तीवर कोसळवते आणि त्याचा दोष बंडखोरांच्या माथी मारते. मूळ खेळात ती एक भयंकर बातमी होती. येथे ओळखीची माणसे डोळ्यांदेखत पळतात. गरिबाला नाव आणि घर देणे हे कथाकाराचे मोठे पुण्यकर्म आहे आणि या पुनर्निर्मितीने ते मन:पूर्वक केले आहे.

मग खटकते ते काय? पहिल्या स्फोटाकडे पुन्हा पाहू. मूळ कथेत वीजकेंद्र उडते ते नायकांच्या बाँबने. त्यात सामान्य माणसे मेली, ही गोष्ट कथा विसरत नाही. जेसी मरताना म्हणते की आपल्यामुळे अनेकांचे प्राण गेले, कदाचित ही त्याचीच शिक्षा असेल. पुढे, शिनराचाच रीव्ह हा अधिकारी एका यांत्रिक मांजराच्या मुखाने बॅरेटला जाब विचारतो: तू ज्यांना थोडेसे बळी म्हणतोस, त्या मेलेल्यांचे तर सर्वस्व गेले. बॅरेटपाशी त्याला उत्तर नसते. उद्देश चांगला असला तरी सांडलेले रक्त पुसले जात नाही, हे कडू सत्य एका करमणुकीच्या खेळाने १९९७ साली आपल्याच नायकांना ऐकवले होते.

नव्या खेळात स्फोटानंतरचे जळते रस्ते, भेदरलेले लोक आणि जखमी पूर्वी कधी नव्हते इतक्या तपशिलाने दिसतात. अपराधाची छाया जेसीच्या चेहऱ्यावर पडते. आपल्या बाँबने इतका विध्वंस कसा केला, हे तिला कळेनासे होते. परंतु त्याआधीच खेळणाऱ्याला दाखवले गेले आहे की बाँबचा धमाका मामुली होता. शिनराच्या अध्यक्षाने स्वत:च्या यंत्रांकरवी केंद्राचा गाभा फोडून घेतला. जेसी तळमळते, पण आपण निश्चिंत असतो. ज्या ओझ्याने आपली मान खाली जावयास हवी होती, ते आपल्या खांद्यावरून अलगद उतरवले गेले. दु:ख अधिक दिसते आणि जबाबदारी कमी उरते, हा विचित्र सौदा आहे. पापाची कबुली देण्यापूर्वीच निर्दोषत्वाचा दाखला हाती पडला, तर पश्चात्तापाला जागा कुठे उरते?

हीच सैल गाठ मृत्यूच्या बाबतीतही जाणवते. मूळ खेळात एरिथ ही फुले विकणारी तरुणी पहिली तबकडी संपता संपता मारली जाते. खेळणाऱ्यांनी तिला परत आणण्याच्या युक्त्या कितीतरी काळ शोधल्या. तशी युक्ती नव्हतीच. पडक्या ख्रिस्तमंदिरात, तुटलेल्या फरशीतून उगवलेल्या फुलांची निगा राखणारी ही मुलगी नव्या खेळात अधिक खेळकर, अधिक जिवंत वाटते. छपराच्या भोकातून उतरणारा प्रकाश आणि मोडकी बाके यांचे चित्रण तर अत्यंत हळुवार आहे. जिथे काहीच उगवत नाही अशा वस्तीत फुले उगवतात ती नेमकी याच जागी, हे आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगावयास नको.

परंतु या कथेभोवती आता काळ्या झग्यांतील भुतांचे थवे घोंघावतात. ‘व्हिस्पर्स’ असे त्यांचे नाव. कथा जुन्या वाटेवरून ढळू लागली की ती आडवी येतात. बॅरेटला प्राणघातक वार लागला तर तीच त्याला उठवतात. शेवटी नायक या नियतीच्या पहारेकऱ्यांशी झुंजतात आणि पुढचा रस्ता मोकळा करतात. टोळीतला बिग्ज, जो मुळात मेला होता, अखेरीस खाटेवर जिवंत दिसतो. कल्पना चतुर आहे. ज्यांना जुनी कथा पाठ आहे, त्यांनाही पुढे काय होईल याची धाकधूक लागते. मात्र ज्याने मूळ खेळ पाहिलेला नाही, त्याला ही भुते अनाकलनीय वाटतील. आणि ज्याने पाहिला आहे, तो माणसांविषयी विचार करण्याऐवजी आवृत्त्यांची तुलना करू लागेल. एरिथचा मृत्यू काळजाला भिडला तो अटळ होता म्हणून. तो टळू शकतो अशी आशा लावल्यावर शोकाची जागा कुतूहल घेते.

म्हणून या पहिल्या परिचयाचा निष्कर्ष दुहेरी आहे. शेजाऱ्याचा चेहरा दाखवण्यात नवी कृती जुनीच्या पुढे गेली आहे. त्या शेजाऱ्याप्रत आपले देणे काय, हे विचारण्यात ती मागे राहिली आहे. जुना ओबडधोबड खेळ आजही मिळतो आणि त्याचे मोल या झगमगाटाने घटलेले नाही. घरातील तरुण हा नवा खेळ खेळत असतील, तर वडीलधाऱ्यांनी अधूनमधून शेजारी बसावे आणि त्या पहिल्या स्फोटाबद्दल त्यांना विचारावे: हा अपराध कुणाचा? शिनराचा, हे उत्तर खेळ देतोच. आपल्या हाताने ठेवलेल्या बाँबचे काय, हा पुढचा प्रश्न मात्र आपणच विचारावा लागेल.