इन्युइट शिल्पे आणि प्राचीन मृद्भांडी : संग्राहकाच्या दृष्टीची चिकित्सा

प्रास्ताविक :
पाश्चात्त्य संग्राहकांच्या काही खाजगी संग्रहांत कॅनडाच्या ध्रुवीय प्रदेशातील इन्युइट शिल्पे आणि भूमध्य सागराच्या परिसरातील प्राचीन मृद्भांडी शेजारी शेजारी मांडलेली दिसतात. दोहोंसाठी विशेषणेही सारखीच योजली जातात : ‘आदिम’, ‘निरागस’, ‘कालातीत’. यांपैकी ‘कालातीत’ हे विशेषण वरकरणी गौरवाचे वाटते. परंतु ते शिल्पाचा काळ आणि भांड्याची जागा दोन्ही पुसून टाकते, हे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे.

शिल्पाचा काळ :
ध्रुवीय प्रदेशात वॉलरसच्या सुळ्यातून लहान आकृत्या कोरण्याची परंपरा फार जुनी आहे, हे खरे. तथापि, संग्राहक आज ज्याला इन्युइट शिल्प म्हणून ओळखतो ते दगडी शिल्प बव्हंशी १९४९ नंतरचे आहे. चित्रकार जेम्स ह्यूस्टन १९४८ मध्ये हडसन उपसागराच्या किनाऱ्यावरील इनुकजुआक येथे गेले. १९४९ मध्ये कॅनेडियन हँडिक्राफ्ट्स गिल्डने मॉन्ट्रियल येथे अशा वस्तूंची विक्री मांडली आणि त्या तीन दिवसांत संपल्या. १९५१ मध्ये तर कोणत्या वस्तू खपतील हे चित्रांद्वारे सांगणारी पुस्तिका कारागिरांसाठी काढण्यात आली. कोल्ह्याच्या कातड्याचे भाव कोसळलेले असताना कोरीव काम हे उपजीविकेचे साधन ठरले. म्हणजे ही कला बाजाराच्या बाहेर राहिलेली नाही. बाजाराशी झगडतच ती घडली आहे.

अनेक जुन्या शिल्पांच्या तळाशी एक क्रमांक कोरलेला आढळतो. १९४० च्या दशकात कॅनडाच्या शासनाने इन्युइट व्यक्तींना नोंदणीसाठी चकतीवरचे क्रमांक दिले होते, त्यांपैकीच तो एक. संग्राहकाच्या लेखी ती अस्सलपणाची खूण असते. वस्तुतः माणसाच्या नावाऐवजी त्याचा आकडा लिहिणाऱ्या व्यवस्थेचा तो पुरावा आहे. रँकिन इनलेटचे जॉन टिकटाक हे शिल्पकार निकेलच्या खाणीत काम केलेले कामगार होते. ती खाण १९६२ मध्ये बंद पडली. त्यांच्या माय-लेकराच्या शिल्पांतील मोजका, गोळीबंद आकार ‘आदिम’ म्हणून वाखाणणे म्हणजे एका आधुनिक कलावंताची निवड नाकारणे होय.

भांड्याची जागा :
शिल्पाच्या बाबतीत कर्त्याचा काळ हरवतो, तर मृद्भांड्याच्या बाबतीत प्राप्तिस्थान हरवते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९७२ मध्ये ग्रीक चित्रकार युफ्रोनिऑस याने रंगविलेले क्रेटर, म्हणजे मद्यात पाणी मिसळण्याचे मोठे भांडे, सुमारे १० लाख डॉलरना विकत घेतले. ते रोमच्या वायव्येस असलेल्या चेर्वेतेरी येथील एट्रुस्कन थडग्यांतून चोरून उकरलेले असल्याचे पुढील तपासात दिसून आले आणि २००८ मध्ये ते इटलीला परत गेले. भांडे परतले, ज्ञान परतले नाही. ग्रीक भांडे एट्रुस्कनांनी कोणा मृताजवळ आणि कोणत्या वस्तूंच्या सोबतीने ठेवले, हे सांगणारी मांडणी उकरतानाच मोडली होती.

मराठी वाचकाला हा मुद्दा इनामगावच्या उदाहरणाने अधिक जवळून कळेल. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात तेथे उत्खनन केले. त्यात घरांच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले कुंभ मिळाले. त्यांत बालकांच्या अस्थी होत्या. तेच कुंभ सुटे होऊन बाजारात आले असते तर दोन करडी मडकी एवढीच त्यांची ओळख उरली असती. घरातच पुरलेल्या लेकराची हकीकत कायमची नाहीशी झाली असती.

समारोप :
संग्राहकाला सरसकट दोषी धरणे मात्र न्याय्य होणार नाही. जेरी ट्वोमी यांच्या खाजगी संग्रहातील सुमारे ४,००० इन्युइट कलाकृती १९७१ मध्ये विनिपेग आर्ट गॅलरीकडे आल्या. अशा संचितातूनच २०२१ मध्ये कौमाजुक हे इन्युइट कलेचे केंद्र उभे राहू शकले. येथे एक भेद ध्यानी घ्यावयास हवा. हयात शिल्पकाराची कलाकृती योग्य मोल देऊन घेणारा त्याच्या चुलीला आणि कलेला आधार देतो. प्राप्तिस्थान न विचारता प्राचीन भांडे घेणारा पुढच्या थडग्यावरच्या कुदळीची मजुरी भरतो. खरेदीची कृती एकच, परिणाम मात्र परस्परविरोधी. ‘कालातीत’ या शब्दाच्या आड हा भेद दडतो. म्हणून वस्तू सुंदर आहे काय, याच्याआधी ती कोणी घडविली, केव्हा घडविली आणि ती आपल्या हाती कोठून आली, हे प्रश्न विचारले गेले पाहिजेत. त्यांची उत्तरे हा कलावस्तूचाच भाग आहे. ती नसतील तर संग्रहात वस्तूचे केवळ कवच येते.