थाप मारावी तर गंभीर चेहऱ्याने

लोणकढी थाप मारणारा स्वतः कधी हसत नाही. थापेवर बेतलेल्या चित्रपुस्तकात हे पथ्य लेखकापेक्षा चित्रकारालाच जास्त पाळावं लागतं.

जूडी बॅरेट यांचं ‘क्लाउडी विथ अ चान्स ऑफ मीटबॉल्स’ (१९७८) घ्या. आजोबा रात्री नातवंडांना एका गावाची गोष्ट सांगतात. त्या गावात दिवसातून तीनदा आभाळातून जेवण पडतं. आजोबांचं घर रॉन बॅरेट यांनी काळ्या-पांढऱ्या रेघांत काढलंय. थाप सुरू झाली की पानांवर रंग येतो. पुढे अन्नाचा आकार वाढत जातो, एक अवाढव्य पॅनकेक अख्खी शाळा झाकून टाकतो आणि शेवटी माणसं शिळ्या पावाच्या तराफ्यांवर बसून गाव सोडतात. हे सगळं चित्रकार एखाद्या नकाशाइतक्या निगुतीने, बारीक रेघांनी रेखाटतो. पावाचे तुकडे एकमेकांना चिकटवलेत पीनट बटरने! हा तपशील वाचला की मूल क्षणभर विचारात पडतं, खरंच तरंगेल का?

ही शिस्त जुनीच. थापाड्या बॅरन मुंचाउझेनच्या बाता लेखक रास्पने १७८५ मध्ये छापल्या. पुढे चित्रकार गुस्ताव दोरेने त्यातला अर्धा कापला गेलेला, तरीही पाणी पिणारा घोडा पक्क्या शरीररचनेनिशी काढला. आपल्याकडे सुकुमार राय यांनी हेशोराम हुशियारची डायरी लिहिली. तारीख, ठिकाण, मैलांचे हिशेब सगळं चोख, आणि भेटणारा प्राणी कोण, तर हावरट ‘हॅंग्लाथेरियम’. चित्रंही त्यांचीच. थाप आणि रेघ एकाच हातची असली की सांधा दिसत नाही.

आज बाजारात मिळणारी बरीच विनोदी चित्रपुस्तकं मला इथेच कमी पडताना दिसतात. बटबटीत डोळे, बाहेर आलेली जीभ, प्रत्येक पात्राचा आ वासलेला. मुलाच्या आधी चित्रच हसून मोकळं होतं, मग मुलाने शोधायचं काय?

मराठीत विंदांच्या ‘एटू लोकांचा देश’ने कवितेत थापेसारखं अजब जग उभं केलं. माधुरी पुरंदरे यांनी ‘राधाचं घर’मध्ये रोजचं घर इतक्या प्रेमाने आणि नेमकेपणाने चितारलं, की मराठी चित्रपुस्तकाची इयत्ताच वाढली. नेमकेपणा आपल्याकडे आहे, थापाही रग्गड आहेत: विहिरीतल्या मगरीच्या, आंब्याएवढ्या गारांच्या, गावोगावच्या आजोबांनी ओसरीवर बसून मारलेल्या. या दोन्ही गोष्टी एका पुस्तकात मात्र मला क्वचितच भेटल्या.

प्रकाशकांनी एखादा थापाड्या आजोबा आणि एखादा काटेकोर चित्रकार एकत्र बसवावा. आणि चित्रकाराला पुरेसा वेळ व पुरेसे पैसे द्यावेत.